पाळण्याची आण

“लाकूड तर घेऊनबी टाकलंय,” सोप्यात बसलेले माझे वडील, आबा, मोठ्यानं म्हणाले. “जुनं सागवान. असा पाळना करतो इहीनबाई, की नातवंड रडायचंच इसरंल.”

आत माझी ओटी भरणं चाललं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ओटीत घालायला उचललेला नारळ परत ताटात ठेवला आणि त्या सोप्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“पावनं, त्या लाकडाचं दुसरं कायतरी करा. चौरंग करा, कपाट करा. आमच्यात पाळना लाभत न्हाई.”

“लाभत न्हाई म्हंजे?”

“म्हंजे टांगत न्हाई. ह्या घरात पाळन्यात मूल गेलंय. तवापास्नं झोळी.”

आबांनी समोर बसलेल्या मामंजींकडे पाहिलं. मामंजी सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

“आवो, मी सुतार, तुमी सुतार,” आबा म्हणाले, “आनि आपलं नातवंड फाटक्या लुगड्यात लोंबकाळनार?”

“लुगडं माझं हाय,” आत्याबाई म्हणाल्या, “आनि ते फाटकं न्हाई.”

झालं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, नारळ माझ्या ओटीत पडला आणि आबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आबा जेवताना गप्प बसले म्हणजे प्रकरण गंभीर असायचं.

यातली खरी गंमत परक्या माणसाला कळायची नाही. माझे सासरे, तळेगुंडीचे सुबराव सुतार, हे काही नांगर-कुळव करणारे साधे सुतार नव्हते. तालुक्यात कुणाच्या घरी दिवस राहिले की डॉक्टरच्या आधी सुबराव मेस्त्रींना निरोप जायचा. पाळणा तयार झाला की मामंजी मागच्या छपरात त्यात वरवंटा निजवून झोका द्यायचे आणि डोळे मिटून करकर ऐकायचे. आमचा वरवंटा तालुक्यातल्या निम्म्या पाळण्यांत झोपला असेल. मामंजींची स्वतःची चारही पोरं मात्र झोळीत वाढली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी असा होता.

मला मुळातच ‘का’ विचारायची खोड. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी ती सासरी आल्यावर मोडली नव्हती. पाहुणे गेल्यावर मी आत्याबाईंना गाठलं.

“आत्याबाई, कुणाचं मूल गेलं हो?”

“तुज्या मामंजीच्या आज्याच्या वक्ताला गेलं.”

“मुलगा का मुलगी?”

“मला काय ठावं?”

“नाव काय होतं?”

“बारशाआदी गेल्यावर नाव कुटनं असंल? तू लई इचारतीस गं.” मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “इषाची परीक्षा कोन घ्यायची, पोरी? आत हाय ते काय माजं दुश्मन हाय?”

त्या हट्टानं बोलत असत्या तर मी भांडले असते. त्या भीतीनं बोलत होत्या.

पहिलं बाळंतपण माहेरचं. मी तालुक्याच्या गावी, आबांकडे आले, तर परड्यात ते सागवान पोत्याखाली झाकून ठेवलेलं. आबा येता-जाता पोतं उचलून लाकूड बघायचे आणि परत झाकायचे. आई म्हणाली, “बघ गं ह्यांचं. मढं राखल्यागत बसल्यात.” मला ते बघवेना. मी आबांची एकुलती एक. माझा जन्म झाला तेव्हा आबा मुंबईत एका कारखान्यात होते, माझा पाळणा उसना आणलेला. ही सल त्यांनी मला लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितली होती.

“आबा,” मी म्हटलं, “मूल गेलं असेल तर सरकारात त्याची नोंद असेल ना? कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवत होता की.”

“आसंल की. पर ते समदं मोडीत. तुला येतंय वाचाय?”

“मला नाही येत. हत्तरगी वकिलांना येतं.”

हत्तरगी वकील आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती. आता ते लोकांचे पूर्वज शोधून द्यायचे. फी म्हणून चहा आणि भडंग. स्वतःचे पूर्वज त्यांनी कधीच शोधून संपवले होते, आणि ते फारच सज्जन निघाल्यामुळे त्यांचा विरस झाला होता.

“मूल पाळण्यात गेलं?” हकिगत ऐकून वकील खुर्चीत पुढे सरकले. “नैसर्गिक, की काही संशयास्पद?”

“वकीलसाहेब,” आबा म्हणाले, “पोरगी दोन जिवाची हाय. जरा बेतानं.”

तालुक्याच्या कचेरीत माझं पोट बघून मला खुर्ची मिळाली आणि माझ्यामुळे वकिलांना टेबल. तळेगुंडीच्या नोंदींचं बाड आलं. आबा माझ्यामागे टोपी हातात घेऊन उभे. वकील पानं उलटत होते, मध्येच ‘अरेरे’ म्हणत होते, मध्येच ‘वा’ म्हणत होते, आणि दर वेळी आबा दचकत होते.

“नाही,” शेवटी वकील म्हणाले. “तुमच्या व्याह्यांचे पणजोबा म्हणजे बाबाजी सुतार. त्यांच्या घरात त्या सगळ्या वर्षांत तान्हं मूल गेल्याची एकही नोंद नाही. एक म्हातारी गेली, ती पिकलं पान होती. आणि एक बैल गेला. तो माणसांच्या वहीत कुणी चढवला कुणास ठाऊक.”

“आणि जन्म?” मी विचारलं.

“जन्म आहेत. एकाच महिन्यात दोन. बाबाजीचा थोरला मुलगा धोंडी, त्याला मुलगा झाला तुका. धाकटा रावजी, त्याला झाला सखा.”

“तुका?” मी जवळजवळ ओरडलेच. “तुकाराम? अहो, ते मामंजींचे वडील! ऐंशी वर्षांचे होऊन गेले. भिंतीवर फोटो आहे त्यांचा, फेटा बांधलेला!”

“आनि सखारामाची नातवंडं तळेगुंडीतच पल्याडच्या गल्लीत नांदत्यात की,” आबा म्हणाले. “म्हंजे पाळन्यातनं गेलं कोन?”

वकिलांनी चष्मा पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता. “मूल गेलेलं नाही. पण भावाभावांत काहीतरी गेलंय एवढं नक्की, कारण यानंतर घर दोन ठिकाणी लिहिलंय. आणि भाऊ वेगळे झाले की कागद होतोच. गावची सुतारकी वतनाची, तिची वाटणी पंचांपुढे झाली असणार. मला थोडा वेळ द्या.”

थोडा वेळ म्हणता म्हणता पंधरवडा गेला. माझे दिवस भरत आले. आणि एका संध्याकाळी वकील हातानं उतरवून घेतलेली नक्कल फडकावत आमच्या कारखान्यात शिरले. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक बाकडं आणि ढीगभर भुसा. आबांनी फुंकर मारून त्यांना बाकडं दिलं. आईनं भडंग आणलं. वकिलांनी आधी भडंग खाल्लं. मी त्या माणसाला तेव्हा शाप द्यायचीच बाकी होते.

“ऐका,” ते म्हणाले. “‘मौजे तळेगुंडी येथील बाबाजी सुतार याचे पुत्र धोंडी व रावजी. उभयतांस एके महिन्यात पुत्र जाहले. उभयतांनी आपापले हाते पाळणे केले. घरात तुळई एक. पाळणा कोणाचा टांगावा यावरून कलह जाहला. धोंडी म्हणे माझा सरस. रावजी म्हणे माझा सरस. पंचांनी दोन्ही पाळणे चावडीपुढे मांडून पाहिले, निवाडा होईना. तेव्हा धोंडीने वाकस घेऊन रावजीचा पाळणा फोडला. रावजीने तोच वाकस घेऊन धोंडीचा फोडला.’”

आबांच्या हातातला भडंगाचा घास तसाच राहिला. मग ते हसायला लागले ते खाली भुशात बसेपर्यंत. “आगं, पाळन्यात पोर न्हाई गेलं! पोरांपायी पाळनं गेलं! आनि आमची इहीन मला सांगतीया...”

“थांबा,” वकील म्हणाले. “पुढे आहे. ‘बाप बाबाजी यास बहुत लाज वाटली. त्याने पंचांसमोर जोतिबाची आण घातली ऐसी जे, या घरचा सुतार दुसऱ्या सुताराचे पाळण्यास आपले पाळण्याहून सरस असे आपले तोंडे सत्य न म्हणेल, तोवर या घरी पाळणा टांगू नये. टांगील तो देवाचा अपराधी.’ नंतर नुसती वाटणी आहे, ती रुक्ष आहे.”

आबांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“म्हंजे सुबराव मेस्त्रीनं म्हनायचं? दुसऱ्याचा पाळना सरस?”

“स्वतःच्या तोंडानं. आणि खरं.”

“वकीलसाहेब, ते ‘खरं’ जरा गाळता येतंय काय?”

“चार पंचांच्या निशाण्या आहेत, आबा.”

आबा भुशातून उठले, धोतर झटकलं. “त्या घरातला सुतार दुसऱ्याचं काम सरस म्हननार? सुंभ जळंल, पीळ जळायचा न्हाई. नव्वद वर्सं झाली, कुनी म्हनला न्हाई तो आता म्हनतोय!” असं म्हणत ते परड्यात गेले आणि त्यांनी सागवानावरचं पोतं ओढून काढलं. माझे वडील असेच. जमणार नाही म्हणाले की कामाला लागायचे.

मला मुलगी झाली. ती रडत होती तेव्हा बाहेर रंधा चालू होता, आणि रंधा थांबला की ती गप्प व्हायची असं आई शपथेवर सांगायची. माझा नवरा विलास बारशाला आला. तो प्राथमिक शाळेत मास्तर. त्यानं तो कागद वाचला, पाळणा पाहिला आणि डोकं खाजवलं. “दादा खोटं बोलनार न्हाईत,” तो आपल्या वडिलांबद्दल म्हणाला. “माझ्या लग्नात नवरी कशी हाय म्हणून विचारलं, तर ‘ठीक हाय’ म्हणाले होते.”

“ठीक?” मी म्हटलं.

“त्यांच्या तोंडी ते लई झालं.”

बाळाला तिसरा महिना लागल्यावर आम्ही टेम्पोनं तळेगुंडीला निघालो. पुढे मी, आई आणि बाळ. मागे विलास, आबा आणि घोंगडीत गुंडाळलेला पाळणा. आबांनी वाटभर त्याला पोटाशी धरलं होतं.

दारात आत्याबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. नातीला बघून त्यांचं तोंड फुललं. त्यांनी हात उचलला, आणि तेवढ्यात आबांनी टेम्पोच्या फळीवरच्या पाळण्यावरून घोंगडी काढली. आत्याबाईंचा हात तसाच वर राहिला.

“पावनं, मी सांगितलं हुतं.”

“इहीनबाई, आदी कागद ऐका. मग माघारी जा म्हना, जातो.”

विलासनं तिथंच, अंगणात उभं राहून, शाळेत धडा वाचतात तसा तो कागद वाचला. मामंजी रंधा हातात घेऊन छपरातून आले आणि खांबाला टेकून ऐकत राहिले. वाकसानं पाळणे फोडल्याच्या ओळीशी आल्यावर विलासला हसू आवरेना. मामंजींच्या मिशा थोड्या हलल्या. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या तांब्या धरून ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला कळत नव्हता.

वाचून झालं. सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. ते काही न बोलता टेम्पोपाशी गेले. पाळण्याभोवती एक फेरी मारली. वाकून खालून पाहिलं. गजांवर बोटं फिरवली. सांध्याला नख लावून पाहिलं. आबा श्वास धरून उभे होते. उभ्या आयुष्यात मुलीच्या सासरी इतकं लहान होऊन उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि मला वाटलं, कशाला आणलं मी यांना इथं.

“काम बरं हाय,” मामंजी म्हणाले.

“बरं?”

“लई बरं हाय. सांधं चोख हायती. राघू-मैना बेस कोरल्यात.” त्यांनी पाळण्याच्या एका कोपऱ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. “पर सरस म्हनवत न्हाई, पावनं. रागवा माझ्यावर. जोतिबाची आन हाय. खोटं बोलून तुमच्या नातीला त्यात निजवू व्हय?”

बरोबरच होतं ते. आबांनी मान हलवली, घोंगडी उचलली आणि हळूहळू पाळण्यावर घालायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ माझ्या खांद्यावर उचक्या देत होतं.

“थांबा, पावनं,” आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. त्या मामंजींकडे बघत होत्या.

“कुनाचं पोर गेलंच न्हवतं म्हना की.”

“आसं दिसतंय,” मामंजी म्हणाले.

“मग माज्या बाला का माघारी लावलं?”

मी विलासकडे पाहिलं, त्यालाही काही माहीत नव्हतं.

“ह्यो इलास दोन म्हयन्याचा हुता,” आत्याबाई मला म्हणाल्या. “आसंच माज्या बानं आमास्नी पोचवलं. बैलगाडीतनं. पाळना करून आनला हुता, चंदगडाकडनं, दोन दिवस गाडी हाकत. मामंजी, माजं सासरं, हितंच उबं हुतं. म्हनलं, सून आनि पोर आत या, पाळना माघारी न्या. मला आत घेतलं. माजा बा गाडीत पाळना घेऊन माघारी गेला. पानीसुदिक पिला न्हाई. पोर मरतंय म्हनल्यावर मी काय बोलू? मीबी म्हनलं, जा बा.” त्यांनी पदर तोंडावर दाबला, मग काढला. “पोर मरनार हुतं म्हनून मी गप बसले. इतकी वर्सं गप बसले. आनि भांडान कशाचं, तर कुनाचा पाळना चांगला!”

मामंजींच्या हातातला रंधा खाली आला. त्यांनी तो टेम्पोच्या फळीवर ठेवला.

“त्यो पाळना मी बगितला हुता,” ते म्हणाले.

“कवा?”

“त्याच दिशी. तुजा बा तोंड धुवाय हिरीवर गेला हुता तवा. गाडीत चढलो. त्याचं कोपरं बगितलं. आसं घासल्यालं हुतं, की लोन्यावरनं हात फिरतोय.” ते आबांच्या पाळण्याच्या कोपऱ्यावर ठेवलेला हात वर करून बघायला लागले. “तवापास्नं मी तेच कोपरं करतोय. लोक म्हनत्यात, सुबराव मेस्त्रीचं कोपरं. ते माजं न्हाईत. तुज्या बाचं हाईत. आनि अजून तसलं जमलं न्हाई.”

“नीट म्हना,” आत्याबाई म्हणाल्या.

“काय?”

“आन हाय तसं म्हना. तोंडानं.”

मामंजींनी विलासकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. चार पिढ्यांत त्या घरातल्या कुठल्या सुतारानं न म्हटलेलं म्हणायचं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“तुज्या बाचा पाळना माज्या पाळन्याहून सरस हुता,” ते म्हणाले. “देवाशपथ.”

आबांनी घोंगडी टाकली आणि “जोतिबाच्या नावानं” एवढं ओरडले की बाळाची उचकी थांबली. “चांगभलं!” विलास म्हणाला, आईसुद्धा म्हणाली. मामंजी घाईघाईनं टोपी घालायला लागले.

“आनि माजा?” आबांनी विचारलं.

“तुमचा बरा हाय म्हनलं की मगाशी.”

आत्याबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम. त्यांनी माझ्यावरून, बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मी सवयीनं उंबऱ्याकडे पाऊल टाकलं, तर त्यांनी माझा दंड धरला. मग त्या स्वतःच पायरी उतरून खाली आल्या, माझ्या खांद्यावरून नातीला घेतलं आणि माझ्या शेजारी अंगणात उभ्या राहिल्या.

“इलास, बगत काय उभारलायस? धर तिकडनं,” त्या म्हणाल्या. “पाळना आदी आत न्ह्या. आमी मागनं येतो.”